मोटारगाडीच्या एंजिन-संवेदकांची डाखदुरुस्ती

मोटारगाडीच्या एंजिनात शिरणाऱ्या हवेचे प्रमाण, दाब, तापमान, भुजादंडाची स्थिती, उत्सर्जित वायूतील ऑक्सिजन इ. राशींचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणाऱ्या प्रयुक्तीला संवेदक म्हणतात. संवेदकातील वा त्याच्या जोडणीतील निकामी झालेला धातुसांधा कमी तापमानास वितळणाऱ्या मिश्रधातूने पुन्हा सांधणे म्हणजे त्याची डाखदुरुस्ती होय. प्रचारात या कामाला सोल्डरिंग म्हणतात. अधिकृत सेवाकेंद्रात सामान्यतः संपूर्ण संवेदक बदलण्यात येतो; सांधा शोधून तेवढाच दुरुस्त करण्याची प्रथा मुख्यतः वाहनांचे मालक, हौशी तंत्रज्ञ आणि लहान कार्यशाळा यांनी रूढ केली. अत्यंत जुने हस्तकौशल्य व अत्यंत नवे नियंत्रणतंत्र यांची गाठ या कामात पडते. मालकाला आपले यंत्र उघडून पाहता यावे की नाही, हा प्रश्नही त्याच्या इतिहासात सतत उपस्थित झालेला दिसतो.

डाखाची परंपरा : सोन्याचे भाग डाखाने जोडण्याची कला मेसोपोटेमियातील कारागिरांना इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात अवगत होती. कथिल व शिसे यांच्या मृदू डाखाचा स्पष्ट उल्लेख रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याने इ. स. पहिल्या शतकात केला आहे. दोन भाग शिसे व एक भाग कथिल यांचे मिश्रण नळ सांधण्यासाठी वापरतात, असे तो नमूद करतो. शुद्ध कथिल सु. २३२° से. ला आणि शुद्ध शिसे सु. ३२७° से. ला वितळते, परंतु ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे यांचे मिश्रण सु. १८३° से. या एकाच तापमानास घनातून थेट द्रवरूप होते. नाजूक विद्युत् मंडलांना हेच मिश्रण सोयीचे ठरले, ते या गुणधर्मामुळे.

महाराष्ट्रात तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याच्या कामात हीच रसायनविद्या वापरली जाते. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागराची पूड टाकतो, तीमुळे धातूवरील ऑक्साइडाचा थर निघून जातो आणि कापसाच्या बोळ्याने पसरविलेले कथिल उघड्या धातूला घट्ट चिकटते. ऑक्साइड काढून टाकणाऱ्या अशा पदार्थाला अभिवाह म्हणतात. विद्युत् सांध्यासाठी मात्र नवसागर किंवा जस्ताचे क्लोराइड चालत नाही, कारण मागे राहिलेले क्षार बारीक तारा हळूहळू खाऊन टाकतात. त्यासाठी चिडाच्या राळेपासून मिळणारे रोझीन वापरतात. ते तापल्यावर ऑक्साइड विरघळविते व थंड झाल्यावर निष्क्रिय होते. घरगुती दुरुस्तीत फसलेले कित्येक सांधे पत्र्याच्या कामाचा अभिवाह विद्युत् कामात वापरल्याने फसलेले असतात.

विजेवर तापणाऱ्या सोल्डरिंग आयर्नचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन जर्मनीत एर्न्स्ट झाक्स यांनी १९२१ मध्ये सुरू केले. विद्युत् दाब, प्रवाह व रोध ही तिन्ही एकाच उपकरणाने मोजणारा ॲव्होमापक इंग्लंडमध्ये १९२३ मध्ये विक्रीस आला. रेडिओच्या प्रसाराबरोबर ही दोन साधने कारखान्यातून घरातील मेजावर आली. अमेरिकेतील हीथ कंपनीने १९४७ मध्ये दोलनदर्शकाचे सुटे भाग स्वतः जोडण्यासाठी विकण्यास प्रारंभ केला. अशा संचांमुळे डाख देण्याचे कौशल्य हजारो घरांत पोहोचले. संवेदक मोटारगाडीत येण्यापूर्वीच ते दुरुस्त करू शकणारा वर्ग अशा रीतीने तयार झालेला होता.

संवेदकांचा उदय : कार्ब्युरेटरयुक्त एंजिनात इंधनाचे प्रमाण हवेच्या ओढीनेच ठरत असे आणि बिघाड बहुधा डोळ्यांना दिसणारा असे. भारतात ॲम्बॅसेडर व मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचा मिस्त्री तुंबलेला जेट फुंकून आणि प्रज्वलनाचे पॉइंट घासून गाडी पुन्हा चालू करी. इंधन विजेच्या साहाय्याने मोजून देण्याचा पहिला व्यापारी प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीच्या ‘इलेक्ट्रोजेक्टर’ या प्रणालीने १९५७ मध्ये केला. क्रायस्लर कंपनीच्या १९५८ च्या थोड्याच गाड्यांवर ती बसविण्यात आली व विश्वसनीय न ठरल्याने त्यांपैकी बहुतेकींवर पुन्हा कार्ब्युरेटर चढविण्यात आले.

या कल्पनेला व्यवहार्य रूप जर्मनीच्या बॉश कंपनीने दिले. वायुप्रदूषणाविषयीच्या अमेरिकेतील निर्बंधांची पूर्तता करण्यासाठी फोक्सवॅगन १६०० या गाडीवर १९६७ मध्ये ‘डी-जेट्रॉनिक’ प्रणाली बसविण्यात आली. तीमध्ये अंतर्ग्रहण नळीतील दाब मोजण्यासाठी निर्द्रव वायुदाबमापकातील डबीसारख्या डब्या वापरीत. डब्यांच्या हालचालीने एका लहान रोहित्राचा गाभा सरके व त्यानुसार नियंत्रकाला मिळणारा संकेत बदले. १९७३ पासून आलेल्या ‘एल-जेट्रॉनिक’ प्रणालीत हवेच्या झोताने उघडणारी झडप आणि तिच्या अक्षाला जोडलेला, रोधक पट्टीवरून सरकणारा काटा यांनी हवेचे प्रमाण मोजले जाई. उत्सर्जित वायूतील ऑक्सिजन ओळखणारा लँब्डा संवेदक १९७६ मध्ये व्हॉल्व्होच्या अमेरिकेसाठीच्या गाड्यांवर प्रथम आला, तर इंधन व प्रज्वलन यांचे एकत्र अंकीय नियंत्रण करणारी ‘मोट्रॉनिक’ प्रणाली १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत आली.

भारतात हा बदल उशिरा, परंतु वेगाने घडला. २००० मध्ये देशभर उत्सर्जनाची नवी मानके लागू झाल्यावर बहुबिंदू इंधन अंतःक्षेपण सर्वसामान्य गाड्यांत रूढ झाले. भारत स्टेज ४ ही मानके एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे व सोलापूर यांसह १३ शहरांत आणि एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ अमलात आल्याने दुचाकी वाहनांतही संवेदक व अंतःक्षेपक आले. त्यामुळे ज्या मिस्त्रीने आयुष्यभर कार्ब्युरेटर साफ केले, त्यालाही मल्टिमीटर हाती धरणे भाग पडले.

बिघाडाचे स्वरूप : संवेदकाचे वैशिष्ट्य असे की, तो बंद पडला तरी गाडी नेहमीच थांबत नाही, पुष्कळदा ती चुकीच्या माहितीवर चालत राहते. शीतक द्रवाच्या तापमानाचा संवेदक हे याचे सोपे उदाहरण होय. त्याचा विद्युत् रोध तापमान वाढेल तसा घटतो. जेट्रॉनिक प्रणालींतील नेहमीच्या संवेदकाचा रोध २०° से. ला सु. २·५ किलोओहम, तर ८०° से. ला सु. ०·३ किलोओहम असतो. त्याचा सांधा तुटला की रोध अनंत होतो आणि जुना सदृश नियंत्रक याचा अर्थ ‘एंजिन अतिशय थंड आहे’ असा लावतो. परिणामी तापलेल्या एंजिनात इंधनाचा अतिरेक होतो, काळा धूर येतो व ठिणगी-गुडद्या काजळतात. नंतरच्या अंकीय नियंत्रकांत असा अशक्य संकेत ओळखून पर्यायी मूल्य घेण्याची व चालकापुढे इशारादीप लावण्याची सोय करण्यात आली. कॅलिफोर्नियात १९८८ च्या गाड्यांपासून आणि अधिक विस्तृत स्वरूपात १९९६ च्या गाड्यांपासून सर्व अमेरिकेत असे स्वयंनिदान सक्तीचे झाले. ते कोणत्या संवेदकाचा संकेत बिघडला हे सांगते. परंतु दोष संवेदकाच्या मूळ घटकात आहे, तारेत आहे की सांध्यात, हे सांगत नाही. दुरुस्ती करणाऱ्याचे काम तेथून सुरू होते.

सांधे तडकण्याचे मूळ कारण तापमानातील चढउतार हे आहे. तांब्याचे रेषीय प्रसरण दर अंश सेल्सिअसला दशलक्षांश सु. १७, तर ॲल्युमिना या मृत्तिका पदार्थाचे सु. ७ असते. या दोहोंना जोडणारा १० मिमी. लांबीचा भाग १००° से. ने तापला, तर त्यांच्या प्रसरणात सु. एक शतांश मिलिमीटर इतका फरक पडतो. हा फरक डाखाला सोसावा लागतो. शिवाय निरपेक्ष तापमानाच्या भाषेत सांगावयाचे, तर सामान्य तापमानासही डाख आपल्या वितळबिंदूच्या सु. ६५ टक्के तापमानास असतो, लोखंड सु. ९००° से. ला असावे, तशी ही अवस्था आहे. त्यामुळे तो सततच्या ताणाखाली सावकाश विरूप होत राहतो. एंजिन चालू होणे व बंद होणे ही रोजची घटना सांध्याच्या दृष्टीने ताणाचे एक आवर्तन असते. अशा आवर्तनांनी धातूला येणाऱ्या शिणवट्याचे गणित एल्. एफ्. कॉफिन व एस्. एस्. मॅन्सन यांनी अमेरिकेत १९५४ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडले. मुद्रित मंडलावर हा शिणवटा पुष्कळदा संयोजकाच्या खुंट्यांभोवती केसासारख्या वलयाकार तड्याच्या रूपाने दिसतो. थंडीत तडा मिटलेला राहतो व तापल्यावर उघडतो. यामुळेच ‘गाडी सकाळी चालते, दुपारी बंद पडते’ अशी तक्रार ऐकू येते. १९८० ते २००० या काळातील काही जपानी गाड्यांच्या इंधनपंप-रिलेमध्ये हा दोष इतका परिचित होता की, रिले काढून तिचे सांधे पुन्हा वितळविणे हा अनेक मालकांचा पहिला घरगुती पाठ ठरला.

घरगुती दुरुस्तीची पद्धती : अनुभवाने स्थिर झालेल्या या पद्धतीचे निदान, उकल, सांधणी आणि पडताळा असे चार टप्पे आहेत.

निदान हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. संवेदकाच्या टोकांमधील रोध मोजून तो थंड व उष्ण स्थितीत निर्मात्याच्या आकड्यांशी ताडून पाहतात. दोष अधूनमधून उद्भवत असल्यास मापन चालू ठेवून संवेदक केस वाळविण्याच्या यंत्राने हलकेच तापवितात किंवा त्याच्यावर लाकडी काडीने टिचकी मारतात. आकडा एकदम उडाला तर सांधा संशयास्पद ठरतो. पुष्कळदा संवेदक निर्दोष असून संयोजकावर गंज चढलेला असतो. अशा वेळी साफसफाई हीच दुरुस्ती ठरते.

उकल करताना प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवितात व संवेदक गाडीतून काढून घेतात. एल-जेट्रॉनिकच्या हवामापकाचे काळे झाकण सिलिकोनाने चिकटविलेले असते. ते पातळ पात्याने कापून काढता येते. आत स्प्रिंगचा ताण ठरविणारे दातेरी चाक असते. त्याची मूळ जागा खूण न करता हलविल्यास इंधन-हवा मिश्रणाचे प्रमाण बिघडते, म्हणून त्याला हात न लावणे इष्ट. या मापकात रोधक पट्टी काट्याखाली झिजणे हा दोष अधिक आढळतो. त्यावर काट्याचे टोक किंचित सरकवून पट्टीच्या न झिजलेल्या भागावर आणणे हा उपाय हौशी दुरुस्तकारांनी शोधला. डाखाने पट्टीची झीज भरून निघत नाही; डाख सांध्यालाच उपयोगी पडतो.

सांधणीत नुसता जुना डाख वितळवून भागत नाही, कारण त्यात ऑक्साइड व मळ मिसळलेला असतो. तो तांब्याच्या विणलेल्या पट्टीने शोषून घेतात, रोझीनयुक्त अभिवाह लावतात व नवा डाख देतात. सुमारे ३५०° से. ला तापलेले टोक खुंटी व तांब्याची चकती या दोहोंना एकाच वेळी दोन-तीन सेकंद टेकवितात आणि डाखाची तार टोकाला न लावता तापलेल्या सांध्याला लावतात. डाख सांध्यात आपोआप ओढला जाऊन अंतर्वक्र व चकचकीत दिसला, तर सांधा चांगला होय. गोळीसारखा फुगलेला सांधा थंड राहिलेला असतो व तो पुन्हा तडकतो. उष्णता अधिक वेळ दिल्यास पट्टावरील तांब्याची चकती सुटते आणि मूळ दोषापेक्षा मोठा दोष निर्माण होतो. रोझीनच्या धुराने श्वसनविकार संभवतो आणि शिसे हातांवाटे पोटात जाऊ शकते. म्हणून खेळती हवा व काम संपल्यावर हात धुणे आवश्यक असते.

पडताळा घेताना थंड व उष्ण अशा दोन्ही स्थितींत मापन करतात. एकदा गाडी चालू झाली एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे असते, कारण तडकलेला सांधाही थंड असताना चालतो. झाकण पुन्हा ओलावा शिरणार नाही असे बसविले, तरच दुरुस्ती टिकते.

मर्यादा : प्रत्येक संवेदक डाखाने दुरुस्त होत नाही. भुजादंडाच्या स्थितीचा चुंबकीय संवेदक म्हणजे प्लॅस्टिकमध्ये ओतून बसविलेले, केसाहून बारीक तारेचे वेटोळे असते. आतील तार तुटल्यास तो बदलण्यावाचून गत्यंतर नसते. तार बाहेर पडते तेथे तुटली असेल तरच सांधता येते. लँब्डा संवेदकाच्या बाबतीत डाख अपायकारक ठरू शकतो. त्याच्या अनेक प्रकारांत तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आवरणातून आत पोहोचते. डाख व अभिवाह तारेत शोषले गेल्यास हा मार्ग अडतो. म्हणून तेथे दाबून बसविण्याची जोडणी वापरतात. एंजिनावरील हादरणाऱ्या तारांनाही हाच न्याय लागू पडतो : डाख शिरलेला भाग ताठ होतो आणि जेथे तो संपतो तेथे तार मोडते. गतिवर्धकाच्या पायटीचा वा ब्रेक प्रणालीचा संवेदक घरी दुरुस्त करून रस्त्यावर आणणे योग्य नव्हे. तेथे सांधा फसल्यास नुकसान केवळ मालकाचे होत नाही. उत्सर्जनाशी संबंधित संवेदकाचा इशारा दाबून टाकणे ही दुरुस्ती नसून, शहरातील हवेचा भार दुसऱ्यांवर टाकण्याचा प्रकार होय.

शिसेविरहित डाख : शिशाच्या विषारीपणामुळे यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनीय उपकरणांत त्याच्या वापरावर बंदी घातली. मोटारगाड्यांसाठी २००० मध्ये स्वतंत्र निर्देश काढण्यात आला होता. परंतु मंडलावरील डाखासारख्या काही वापरांना त्यात सूट देण्यात आली, कारण नव्या मिश्रधातूंच्या दीर्घकालीन टिकाऊपणाची खात्री सुरुवातीस नव्हती. कथिल, चांदी व तांबे यांचा शिसेविरहित डाख सु. २१७°–२२०° से. ला वितळतो. त्यामुळे घरगुती दुरुस्तीत अधिक तापमान लागते व चकती सुटण्याचा धोका वाढतो. त्याचा चांगला सांधाही मंद दिसतो, म्हणून केवळ चकाकीवरून पारख करण्याची जुनी कसोटी येथे अपुरी पडते.

दुरुस्तीचा अधिकार : सांधा काही पैशांच्या कथिलाने दुरुस्त होतो, परंतु तो शोधण्यासाठी लागणारे आकडे, आकृत्या व निदानसाधने निर्मात्याच्या हाती असतात. संवेदकांच्या वाढीबरोबर ही विषमता वाढली. अमेरिकेत १९९० मध्ये वायुशुद्धता कायद्यात झालेल्या दुरुस्तीने उत्सर्जनासंबंधीची दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कार्यशाळांना उपलब्ध करणे निर्मात्यांवर बंधनकारक केले. यूरोपीय संघाच्या २००७ च्या नियमावलीतही अशी तरतूद आहे. मॅसॅचूसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी मोटारगाड्यांच्या दुरुस्तीच्या अधिकाराचा कायदा मोठ्या बहुमताने संमत केला आणि २०२० मध्ये गाडीतून दूरसंदेशाने पाठविल्या जाणाऱ्या माहितीपर्यंत त्याची व्याप्ती वाढविली.

भारतात हा प्रश्न स्पर्धाविषयक कायद्याच्या मार्गाने पुढे आला. सुटे भाग व निदानसाधने स्वतंत्र दुरुस्तकारांना खुल्या बाजारात मिळू न देणे हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, असा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिला व १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४·६४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाची रक्कम पुढे अपिलांत वादाचा विषय झाली. तथापि कोपऱ्यावरच्या गॅरेजलाही माहितीचा हक्क असतो, हे तत्त्व या निर्णयाने अधोरेखित केले. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराचा विचार करण्यासाठी समिती नेमली. मोटारगाड्या व त्यांची उपकरणे हे तिच्या विचाराधीन क्षेत्रांपैकी एक होते.

नव्या संवेदकांचे घटक एकाच चकतीवर सामावलेले व राळेत पूर्णपणे बुजविलेले असतात. त्यांत डाख पोहोचू शकेल असे सांधे कमी होत चालले आहेत. परंतु रस्त्यावर जुनी वाहने दीर्घकाळ चालतात आणि निर्मात्याने भाग बनविणे बंद केल्यावर दुरुस्ती हाच त्यांचा आधार उरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरील दुकानांतून डाखाची तार, रोझीन व मल्टिमीटर घेऊन जाणाऱ्या ग्राहकांत रेडिओ व दूरचित्रवाणी दुरुस्त करणाऱ्यांबरोबर मोटार-मिस्त्रीही असतो. त्याचे काम कल्हईवाल्याच्या कामाहून फारसे निराळे नाही : धातू स्वच्छ करणे, योग्य तेवढीच उष्णता देणे आणि कथिल आपोआप पसरू देणे. कोणता सांधा सांधावयाचा व कोणत्याला हात लावावयाचा नाही, एवढे मात्र त्याला अधिक ठाऊक असावे लागते.